थकवा वेगळा, मोडतोड वेगळी: व्यायामानंतरच्या दुखण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी व्यायाम शिकवते. आमचा व्यायामाचा हॉल नाशिकला, गंगापूर रोडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर आहे. नवीन माणूस सोमवारी येतो, जोशात व्यायाम करतो आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली जातो. बुधवारी तोच माणूस कठडा दोन्ही हातांनी धरून, तिरका होऊन, एकेक पायरी उतरत असतो आणि मध्येच थांबून वर बघत विचारतो, "ताई, काही चुकलंय का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की शेवटी लिहूनच काढायचं ठरवलं. खालचे प्रश्न बॅचमधले आहेत, काही व्हॉट्सॲपवर रात्री अकराला आलेले. जिथे डॉक्टरकडे जायला हवं तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.

व्यायाम करतानाचा थकवा आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं, एकच ना?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

थकवा म्हणजे काम करता करता स्नायूचा जोर उतरत जाणं. दहाव्या रेपला (रेप म्हणजे वजन एकदा वर-खाली नेणं) बार जागचा हलत नाही, पाच मिनिटं बसलात की पुन्हा हलतो. हा थकवा. झटपट लागणाऱ्या ताकदीचा एक छोटा साठा स्नायूत असतो, फॉस्फोक्रिएटिन नावाचा. जड सेटमध्ये (सेट म्हणजे न थांबता केलेल्या रेप्सची एक फेरी) तो काही सेकंदांत उपसला जातो. बसलात की साधारण अर्ध्या मिनिटात निम्मा आणि तीन ते पाच मिनिटांत जवळजवळ सगळा परत भरतो. म्हणून जड स्क्वॉटच्या, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारलेल्या बैठकांच्या, दोन सेटच्या मध्ये मी तीन-तीन मिनिटं बसवून ठेवते, आणि लोकांना वाटतं ताईंचं लक्ष फोनमध्ये आहे. सेट लांबत गेला की स्नायूत फॉस्फेट आणि आम्लता वाढते, आतलं कॅल्शियम पुरेसं सुटत नाही आणि आकुंचनाचा जोर घटतो. शिवाय थकव्याचा काही भाग वर असतो: मेंदू आणि मज्जारज्जूकडून स्नायूला जाणारा हुकूमच मंदावतो.

मोडतोड म्हणजे स्नायूतंतूंच्या बारीक रचनेला बसलेला धक्का. तो त्या वेळी फारसा जाणवत नाही. १२ ते २४ तासांनी ठणका सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि बहुधा आठवड्याच्या आत जातो. जोर मात्र व्यायाम संपल्यापासूनच कमी झालेला असतो आणि पाच मिनिटं बसून परत येत नाही. फारच मोडतोड झाली असेल तर पूर्ण ताकद यायला आठवडा-दोन आठवडेही लागतात.

दोन्ही एकाच वेळी होऊ शकतात, एक होऊन दुसरं न होणंही शक्य आहे. सायकलवर दम निघेपर्यंत पॅडल मारलंत तर भरपूर थकाल, पण परवा पाय फारसे दुखणार नाहीत. उलट पांडवलेणीच्या पायऱ्या गप्पा मारत सात-आठ वेळा उतरलात तर दमही लागणार नाही, आणि परवा मांड्या बोलतील.

पण लॅक्टिक ॲसिड साचतं म्हणून दुखतं ना? माझा आधीचा ट्रेनर तेच सांगायचा.

मीही सुरुवातीला तेच सांगायचे, त्यामुळे त्याला दोष देत नाही.

व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट विश्रांतीनंतर साधारण तासाभरात पूर्वपदाला येतं. दुखणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी. १९८३ साली यावर एक साधा प्रयोग झाला: काही जण सपाट ट्रेडमिलवर धावले, काही उतारावर. सपाटवाल्यांचं लॅक्टेट वाढलं, पण त्यांना नंतर दुखलं नाही. उतारवाल्यांचं लॅक्टेट जवळपास तसंच राहिलं, आणि ठणका त्यांनाच लागला. तरी हा समज काही जात नाही. खरं तर त्याच्याही कितीतरी आधी, १९०२ साली, थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने बोटांच्या स्नायूंवर काम करताना नोंदवलं होतं की थकव्याचं दुखणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशी येणारं वेगळं, आणि हे दुसरं स्नायूच्या आत काहीतरी तुटल्यामुळे येत असावं.

सेटच्या शेवटी मांडीत जी आग होते तिच्यात आम्लतेचा हात आहे. परवाच्या ठणक्यात नाही.

मग आत नेमकं तुटतं तरी काय?

स्नायूतंतू म्हणजे सार्कोमिअर नावाच्या अतिसूक्ष्म खणांची लांबच लांब माळ. खणांच्या हद्दीवर भिंती असतात. व्यायामानंतर घेतलेले स्नायूंचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा या भिंती नागमोडी झालेल्या, फाकलेल्या दिसल्या. सगळे खण सारख्या ताकदीचे नसतात. ताणाखाली लांब होताना कमजोर खण प्रमाणाबाहेर ताणले जातात, त्यातले काही परत जागेवर येत नाहीत. तंतूच्या आवरणालाही धक्का बसतो, कॅल्शियम नको तिथे झिरपतं आणि पुढचे काही तास-दिवस डागडुजीसाठी सूज येते. दुखणं मुख्यतः या डागडुजीच्या काळातलं आणि स्नायूभोवतीच्या वेष्टनातलं असतं. म्हणूनच ते उशिरा येतं.

वजन उचलताना दम लागतो. मग दुखणं खाली आणताना होतं, असं का म्हणता?

बादली विहिरीतून ओढताना आणि सावकाश खाली सोडताना दोरावरचा भार सारखाच असतो, पण तुमची दमछाक सारखी नसते. स्नायूचंही तसंच. वर उचलताना स्नायू आखडत जातो, त्याला कॉन्सेन्ट्रिक म्हणतात. खाली आणताना तो ताण धरूनच लांब होत जातो, ते एक्सेन्ट्रिक. जिमच्या भाषेत निगेटिव्ह.

१९५२ साली इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पुढे पॅडल मारायचं, दुसऱ्याने उलट्या फिरणाऱ्या पॅडलला नुसता विरोध करायचा. दोघांचा जोर तोच, पण विरोध करणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हे दाखवलं तेव्हा विरोधाला एक लहानखुरी तरुणी बसली होती आणि समोरच्या धट्ट्याकट्ट्या गड्याला तिने फारसे कष्ट न घेता दमवून टाकलं. बघणाऱ्यांना फार मजा आली म्हणतात.

आता याची दुसरी बाजू. तेवढंच वजन खाली आणायला स्नायूतले कमी तंतू कामाला लागतात. म्हणजे दम कमी, पण जे तंतू कामावर आहेत त्यांच्यातल्या प्रत्येकावर भार जास्त, आणि तोही लांब होत असताना. मोडतोड होते ती इथे. सोपं वाटतं म्हणून माणूस जास्त करतो, हा त्यातला सापळा.

जिममध्ये इतके प्रकार आहेत. कशाने जास्त थकवा आणि कशाने जास्त मोडतोड?

हा सगळ्यात मोठा प्रश्न, म्हणून उत्तरही लांब.

जड वजन, तीन ते पाच रेप्स, मध्ये भरपूर विश्रांती: यात श्वास फार फुलत नाही, आगही होत नाही. थकवा आहे, पण त्यात मज्जासंस्थेचा वाटा बराच, आणि एकूण रेप्स कमी असल्याने मोडतोड लोकांना वाटते तेवढी होत नाही. वजन मोठं दिसतं म्हणून भीती वाटते, एवढंच.

हलकं वजन, पंचवीस-तीस रेप्स, हात निकामी होईपर्यंत: थकव्याचा राजा हाच. स्नायू वाढायच्या दृष्टीने हा प्रकार जड वजनाच्या तोडीस तोड असल्याचं दिसलंय, निव्वळ ताकदीसाठी मात्र जडच बरं. पण असल्या सेटनंतर माणूस जमिनीवर आडवा होतो, आणि पुढच्या व्यायामात त्याचा काही उपयोग राहत नाही. शिवाय प्रत्येक सेट फेल्युअरपर्यंत, म्हणजे आणखी एकही रेप निघत नाही तिथपर्यंत, नेला तर ताकद परत यायला एक-दोन दिवस जास्त जातात. दोन-तीन रेप्स शिल्लक ठेवून थांबलात तर फायदा जवळपास तोच आणि उद्याचा दिवस हातात राहतो. हे पटवताना माझा घसा बसतो, विशेषतः विशीतल्या पोरांसमोर.

मुद्दाम निगेटिव्ह: जोडीदाराने बार उचलून द्यायचा, आपण सावकाश खाली आणायचा. उचलता येतं त्याहून जास्त वजन खाली आणता येतं, म्हणून गड्यांना हे फार आवडतं. मोडतोडीत पहिला नंबर. त्यातही स्नायू जितका जास्त ताणलेला तितकी मोडतोड अधिक: बायसेप्सचा हात पूर्ण सरळ होतानाचा भाग, रोमेनियन डेडलिफ्टमध्ये (हातात बार धरून कमरेतून वाकणं) खाली वाकलेला भाग, लांब पावलाचे लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवत खाली जाणं). एक गोष्ट उलटी वाटेल: पूर्ण जोराच्या निगेटिव्हमध्ये वेगाने झालेली हालचाल सावकाशपेक्षा जास्त तोडते. वजन हातातून निसटल्यासारखं खाली गेलं आणि तुम्ही मध्येच पकडलंत, तर तो झटका महागात जातो.

प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ धरणं), वॉल सिट (भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं), बार धरून लटकणं: आयसोमेट्रिक, म्हणजे जोर लावायचा पण हालचाल नाही. लांब धरलं की स्नायूच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, थकवा आणि थरथर पटकन येते. मोडतोड त्या मानाने किरकोळ, स्नायू पूर्ण ताणलेल्या अवस्थेत धरला तर थोडी वाढते. श्वास रोखून धरू नका. रक्तदाब असणाऱ्यांसाठी हे तर फारच महत्त्वाचं.

उड्या, बॉक्स जंप, दोरीवरच्या उड्या: जमिनीवर पाय टेकतो त्या क्षणी मांडी-पोटरी ताण खाते आणि लगेच उसळते. यात गंमत अशी की ताकद लगेच उतरते, दोन-तीन तासांत बरीच परत येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली जाते. संध्याकाळी "मी ठीक आहे" म्हणणारा माणूस परवा ठीक नसतो.

स्लेज (वजन लादलेली घसरगाडी) ढकलणं, सायकल, जिना चढणं: यांत खाली आणण्याचा भाग जवळपास नसतोच. घाम निघेल, पाय शिसं होतील, पण परवा जिना उतरता येईल. स्लेज सगळ्या जिममध्ये नसतो. आमच्याकडेही नाही, आम्ही जुन्या टायरवर वजन ठेवून ढकलतो.

आणि तालमीतले जोर-बैठका? वस्ताद मंडळी रागावतील, पण शरीराला "देशी" आणि "विदेशी" कळत नाही. शंभर बैठका म्हणजे शंभर वेळा स्वतःचं वजन खाली आणणं. पहिलवानाला त्या सवयीच्या, म्हणून त्याला काही होत नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी शंभर मारल्यात तर होईल.

माझी दिंडोरीला द्राक्षबाग आहे. दिवसभर राबतो, तरी जिमच्या पहिल्या दिवशी पाय कसे काय धरले?

या दादांनी हे विचारलं तेव्हा जरा अपमान झाल्यासारखा चेहरा होता, आणि ते साहजिक आहे. पण बागेतलं काम आठवून बघा. मणी विरळणीच्या दिवसांत मांडवाखाली उभं राहून तासन् तास हात खांद्याच्या वर. हे जवळपास आयसोमेट्रिकच, वजन फक्त स्वतःच्या हातांचं आणि कात्रीचं. संध्याकाळी खांदे गळतात, मान धरते, सकाळी पुन्हा बऱ्यापैकी मोकळी. खुड्याच्या वेळी कॅरेट उचलून ट्रॅक्टरपर्यंत नेणं म्हणजे पकड आणि पाठ. या सगळ्याला तुमचं शरीर तयार आहे. मी दिवसभर मांडवाखाली उभी राहिले तर दुसऱ्या दिवशी हात वर होणार नाही.

जे तुम्ही बागेत करत नाही ते म्हणजे खांद्यावर बार घेऊन मांडी पार खाली नेणं आणि परत येणं, तेही चाळीसदा. स्नायूला तुमचा कष्टाळूपणा माहीत नसतो. त्याला माहीत असतो तो नेमका कोन, नेमका ताण. चार आठवड्यांत हे दादा पंचवीस वर्षांच्या मुलांपेक्षा सरस स्क्वॉट मारायला लागले.

हात पायांपेक्षा जास्त दुखतात असं का?

पाय रोज जिने उतरतात, उतार चालतात, त्यामुळे त्यांची निगेटिव्हची थोडी तरी तालीम झालेली असते. कोपराला ती नसते.

हे मी एका मुलाच्या जिवावर शिकले. कॉलेजात कबड्डी खेळायचा, अंगापिंडाने मजबूत, एकही पुलअप निघत नव्हता. मी म्हटलं, स्टुलावर चढ, हनुवटी बारच्या वर ने आणि सावकाश खाली ये. पाच सेट करवले. त्या दिवशी खूश होऊन गेला. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन: कोपर सरळ होत नाहीत, दोन्ही हात काटकोनात अडकलेत, तोंड धुवायला वाकावं लागतंय, हे असलं काय शिकवता तुम्ही? आठवडा गेला त्याला हात सरळ करायला. नशिबाने त्याहून जास्त काही झालं नाही. आता नवीन माणसाला निगेटिव्ह पुलअप्स पहिल्या दिवशी दोन सेट, तीन-तीन रेप्स. त्याला कितीही कमी वाटले तरी.

दुखलं नाही म्हणजे व्यायाम लागलाच नाही, असं ना?

या समजाने जितकं नुकसान केलंय तितकं चुकीच्या डाएटनेही केलं नसेल.

दुखणं आणि मोडतोड यांचंही नातं सैल आहे. कोणाला भरपूर ठणका असतो आणि ताकद फारशी घटलेली नसते, कोणाचं उलट. मोडतोड मोजायची झाली तर दुखण्यापेक्षा ताकद किती घटली आणि किती दिवस घटलेली राहिली हे जास्त खरं बोलतं. आणि स्नायू वाढायला मोडतोड व्हावीच लागते असंही नाही. २०१६ साली ब्राझीलच्या संशोधकांनी दहा आठवड्यांच्या व्यायामात स्नायू नवीन प्रथिनं किती बनवतो ते वेगवेगळ्या टप्प्यांवर मोजलं. पहिल्या आठवड्यात प्रथिनं जोरात बनत होती, पण ती बहुतांश डागडुजीत खर्ची पडत होती. मोडतोड ओसरल्यानंतर बनलेल्या प्रथिनांचा संबंध स्नायूच्या वाढीशी जुळला. घर रोज पाडून रोज उभं केलं तर मजला चढणार कधी?

तुम्हाला खूण हवीच असेल तर वही ठेवा. गेल्या महिन्यात ४० किलोला आठ रेप्स, आता दहा: व्यायाम लागतोय.

तोच व्यायाम दुसऱ्यांदा केला तर तेवढं दुखत नाही. का?

एकदा धक्का बसला की स्नायू शहाणा होतो. पुढच्या खेपेला त्याच व्यायामाने मोडतोड बरीच कमी होते, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकतं. हाताच्या स्नायूंवरच्या प्रयोगांत तर सहा महिन्यांपर्यंत त्याचा अंश दिसलाय. मज्जासंस्था तंतूंवर भार वेगळ्या रीतीने वाटते, स्नायूभोवतीचं वेष्टन चिवट होतं, सूज यायची पद्धत बदलते. अशी अनेक कारणं एकत्र काम करतात.

कामाची गोष्ट ही की त्या पहिल्या खेपेला जबर धक्का द्यायची गरज नसते. थोड्या, हलक्या निगेटिव्हनेही संरक्षण मिळतं. पहिल्या आठवड्यात मी दोनच सेट देते आणि लोक "पैसे वसूल होत नाहीत" म्हणतात, त्याचं कारण हे.

श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करायची आहे. हरिहरही ठरतोय. पाय कसे तयार करू?

सगळे जण चढायची तयारी करतात. चढताना दम लागेल, थांबाल, पाणी प्याल, पुन्हा चढाल. पाय धरतात ते उतरताना. हरिहरच्या त्या उभ्या कातळपायऱ्या आठवा: खोबणीत बोटं रोवून, तोंड दगडाकडे करून, एकेक पाय खाली सोडायचा. दर पावलाला पूर्ण वजन वाकलेल्या गुडघ्यावर, ताणलेल्या मांडीवर. कळसूबाईचंही तेच, उतरून बारीला गाडीपाशी येईपर्यंत गुडघे लटपटतात.

फेरीच्या पाच-सहा आठवडे आधीपासून आठवड्यात दोनदा उतरायचा सराव करा. घरचा जिना चालेल, पांडवलेणीच्या पायऱ्या चालतील, चामर लेणीही चालेल. पहिल्या दिवशी दहा मिनिटंच. जोडीला एका पायावर सावकाश पायरी उतरणं, दहा-दहा वेळा. आणि गडाच्या आधीचे तीन-चार दिवस पायांना नवीन काही नको. शनिवारी ट्रेक असताना गुरुवारी लेग डे करून आलेले वीर मी पाहिलेत.

पोलीस भरतीची तयारी करतोय. जिम आणि ग्राउंड एकत्र कसं जमवू?

मैदानीत १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना १६०० ऐवजी ८००. तिन्ही ठिकाणी ताजे पाय लागतात. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे धावणारी मुलं संध्याकाळी लंजेस मारतात आणि मग दुसऱ्या दिवशी "टायमिंग का पडलं" म्हणून चिंतेत पडतात. मोडतोड झालेल्या पायांनी धावताना तोच वेग राखायला जास्त कष्ट पडतात, इतकं साधं कारण आहे.

जड पायांचा व्यायाम आणि वेगाचं धावणं एकाच दिवशी ठेवा, धावणं आधी. म्हणजे दुसरा दिवस खरोखर हलका राहतो. परीक्षेच्या शेवटच्या दहा दिवसांत वजन तेच ठेवून सेट निम्मे करा, नवीन व्यायाम एकही नको. मित्राने सांगितलेला तर नकोच.

गरम पाणी, हळदीचं दूध, तेल मालिश, बर्फ, गोळी: काय चालतं?

मालिशने दुखणं थोडं कमी होतं, एवढं दिसलंय. आजी करून देत असेल तर नाही म्हणू नका. गरम पाण्याने बरं वाटतं, तेवढ्यासाठी घ्या. स्ट्रेचिंगचा या दुखण्यावर परिणाम नगण्य. बर्फाच्या पाण्यात बसायचं सध्या फॅड आहे. स्पर्धेत लागोपाठ सामने असतील तर ठीक, पण दर व्यायामानंतर बसलात तर महिनोन् महिन्यांत होणारी स्नायूंची वाढ कमी होते असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं. हळदीचं दूध मला आवडतं. याहून मोठा दावा मी करणार नाही.

सगळ्यात चांगलं काय? हलकी हालचाल. गोदापार्कला वीस मिनिटं फिरून या. चालताना दुखणं कमी होतं, बसलात की परत येतं, पण दिवस सरतो.

वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने नको, आणि ती घेऊन पुन्हा व्यायाम तर मुळीच नको. उन्हाळ्यात, पाणी कमी प्यायलेलं असताना, असल्या गोळ्या मूत्रपिंडावर येतात.

प्रोटीन पावडर घेतली तर दुखणार नाही का?

दुखेल. प्रोटीन डागडुजीचा माल आहे, वेदनाशामक नव्हे. नियमित वजनं उचलणाऱ्याला दिवसाला शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम पुरतं. सकाळच्या मिसळीतल्या मटकीवर सगळी भिस्त ठेवू नका. दूध, दही, पनीर, अंडी, डाळी, सोयाबीन, चालत असेल तर चिकन-मासे. पावडर सोयीची आहे, सक्तीची नाही.

माझे वडील ६७ वर्षांचे. त्यांनी एक्सेन्ट्रिक टाळावं ना?

उलट. दम कमी आणि स्नायूवर काम जास्त, हा सौदा वयस्क माणसाला फार सोयीचा, फक्त मात्रा लहान हवी. तैवानमध्ये २०१७ साली स्थूल, वयस्क स्त्रियांच्या एका गटाला बारा आठवडे जिना चढायला आणि दुसऱ्या गटाला फक्त उतरायला लावलं. चढायच्या वेळी लिफ्टने वर. उतरणाऱ्या गटाची ताकद आणि हाडांची घनता जास्त सुधारली.

वडिलांना खुर्चीने सुरू करा. खुर्चीत धपकन बसायचं नाही, मनात पाच आकडे मोजत बसायचं. उठताना हातांचा आधार चालेल. सहा वेळा, दिवसाआड. गुडघ्याचं मोठं दुखणं, हृदयविकार किंवा नुकतं ऑपरेशन असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल आणि स्नायू विनाकारण दुखत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

घाबरायचं कधी?

लघवीचा रंग काळ्या चहासारखा किंवा कोलासारखा झाला, तर. तिथे वाट बघायची नाही.

मोडतोड हद्दीबाहेर गेली की स्नायूतला मायोग्लोबिन नावाचा घटक रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. दुखणं दिवसागणिक वाढतंय, हात किंवा मांडी टणक सुजलीय, सांधा हलत नाही, उलटी-मळमळ, लघवी कमी: यातलं काही असेल तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा, सिव्हिल असो की खासगी, आणि व्यायाम कधी, कोणता केला ते सांगा. वेळेत गेलं की सलाईन आणि देखरेखीवर बहुतेक जण बरे होतात.

मी ज्यांच्यावर विशेष लक्ष ठेवते ते असे: लांब खंडानंतर जुन्या वजनाने सुरू करणारे, नुकताच ताप किंवा डेंग्यू होऊन गेलेले, एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली व्यायाम करणारे आणि मित्राशी पैज लावणारे. पैज लावणारे सगळ्यात धोकादायक.

हेल्थ चेकअपमध्ये एसजीओटी वाढलंय. दारू पीत नाही, तरी घरचे संशय घेतायत!

हे गृहस्थ खरोखर रिपोर्ट घेऊन हॉलमध्ये आले होते, बायकोला सोबत घेऊन. एसजीओटी आणि काही प्रमाणात एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी एन्झाइम्स स्नायूतही असतात. जड व्यायामानंतर ती आणि सीपीके हे स्नायूतलं एन्झाइम अनेक दिवस वर राहू शकतात. त्यांनी तपासणीच्या आदल्या दिवशी डेडलिफ्ट केली होती. डॉक्टरांना ते सांगा आणि आठवडाभर व्यायाम थांबवून पुन्हा तपासायचं का, ते त्यांनाच ठरवू द्या. कदाचित यकृताचंच काही असेल, तेही व्यायामावर ढकलू नका. यांचा दुसरा रिपोर्ट नॉर्मल आला. वहिनी आता स्वतः बॅचला येतात.

आज पाय दुखतायत. उद्या येऊ की नको?

या. आधी जिना चढून वर या आणि पाच मिनिटं सायकल मारा. दुखणं विरघळत गेलं तर वरच्या अंगाचा व्यायाम करू, पायांना हलके दोन सेट. तशीच कळ येत राहिली, किंवा नेहमीचं हलकं वजनही जड लागलं, तर पाय अजून दुरुस्तीत आहेत. मग हात-खांदे करून घरी जा. एका बाजूलाच, एकाच बिंदूवर, टोचल्यासारखं दुखत असेल किंवा सांध्यात असेल, तर हे नेहमीचं दुखणं नव्हे. व्यायाम थांबवा आणि आधी दाखवून घ्या.

आणि जिना उतरताना उलटं उतरायची युक्ती कोणीतरी बॅचमध्ये पसरवलीय. दुखत नाही हे खरं. पण गेल्या पावसाळ्यात एक जण तसाच घसरून बसला, तेव्हा कठडा धरून सरळच उतरा.